मोहफुल पहाटीच काहून पडते?

ऐका न, तुमाले वाटते का वाचनालय म्हणजे चार कपाटं अन् टेबलावर झोपलेला एक माणूस. आमच्या आंबागडचं तसं नाही. आमच्याकडे कपाट एकच हाये, अन् झोपाले जागाच नाही. एकच खोली. थे पण आमची नाही, भैयाजीची हाये.

भैयाजी म्हणजे तुमसरचे व्यापारी. मोहफुल, हिरडा, डिंक, सगळं घेतात. आमच्या गावात रोडाच्या बाजूले त्याईचं एक जुनं गोदाम हाये, ते रिकामं पडलं होतं. तृप्तीताईनं सरळ जाऊन मांगितलं. तृप्तीताई माहीत हाये न? तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते ते. तिच्या घरी दोन खोल्या, माणसं सहा, अन् टीव्ही सकाळपासून चालू. पुस्तक उघडलं का कोनी ना कोनी म्हणते, रिकामी बसलीच हायेस त तांदूळ निवड. सांगा, कसा होईन अभ्यास? तिले एक टेबल पाहिजे होता जिथं कोनी आवाज देणार नाही. भैयाजीनं खोली देली, पण एक शब्द घेतला. म्हणे, "हे मी गावासाठी देऊन राहिलो. दोन-चार पोरीईसाठी नाही."

तृप्तीताईनं हव म्हटलं. पाटी पण लावली, "सर्वांसाठी वाचनालय". अन् आत कोन बसे? दोन-चार पोरी. मी, तृप्तीताई, अन् आमच्याच गल्लीतल्या दोघी.

थंडी सरत आली तशी भैयाजी एका दिवशी अचानक आले. दारात उभे राहिले. आमी चौघी पुस्तकात. त्याईनं पाटीकडे पाह्यलं, आमच्याकडे पाह्यलं, परत पाटीकडे पाह्यलं.

"सर्व कुठं गेले?" म्हणे.

तृप्तीताईनं हातातलं पुस्तक मिटलं.

"पाय तृप्ती, मी खोटं बोलत नाही. यंदा मोह बहुत येईन असं वाटून राहिलं. मले गोदाम पाहिजे. आता गाव वापरत असन त मी हात नाही लावणार, माझा माल कुठंही ठेवीन. पण लेकरापासून बुढ्यापर्यंत लोक आले पाहिजे. मी रविवारी येतो, सकाळी आठ वाजता. खोली भरली असन त तुमची, नसन त माझी."

म्हणजे समजलं न? रविवारी खोली भरली त तृप्तीताईचा टेबल वाचणार. नाही भरली त टेबलाच्या जागी मोहाचे पोते.

मंग आमी लागलो कामाले. तृप्तीताईनं मोठ्ठा बोर्ड बनवला. "वसंत ऋतूतील कार्यक्रम, सर्व वयोगटांसाठी". लहान लेकराईले गोष्टी. शाळेवाल्याईले किल्ल्यावरच्या दगडाईची ओळख, कारण रोज किल्ल्याखाली राहून आमाले एकाही दगडाचं माहीत नाही. बायाईले मोबाईलवरून अर्ज कसा भराचा ते. बुढ्याईले पेपर मोठ्यानं वाचून दाखवणार. अन् सगळ्यात खाली माझी आयडिया होती: "तुमचा प्रश्न". ज्याले जे माहीत नाही ते त्यानं इचाराचं, उत्तर वाचनालय शोधणार.

तेजरामकाका बोर्डासमोर उभे राहून मोठ्यानं वाचून राहिले होते. म्हणे, "वसंत? आपल्याकडे हिवाळा गेला का सरळ उन्हाळा येते बापा. मधातला हा वसंत कोनं पाह्यला?"

अश्विन म्हणे, "काका, तोच त दाखवणार हाय. रविवारी या."

अश्विन म्हणजे आमच्या गल्लीतला, बीएस्सीले हाये, सगळ्याच गोष्टीत त्याले काहीतरी माहीत असते. विहाराच्या भोंग्यावरून तृप्तीताईनं सगळ्या गावाले सांगतलं, रविवारी सकाळी सात वाजता, लेकरं घेऊन या, सासू घेऊन या. बोलता बोलता तिचा आवाजच फाटला. पण सगळ्याईनं ऐकलं. जो भेटे तो म्हणे, येतो न, काहून नाही येणार.

आता इथून खरी गोठ सुरू होते. अंकुश, ऐकाले बसला हायेस न, मोबाईल ठेव न बे. ठेव.

त्याच दिवशी मी हापशीवर उभी होती तर सुमनबाई आली. सुमनमावशी आमच्या घराच्या मागं राहते, नात रिताले घेऊन. दोघीच. बुढी मोठी कडक, पण बोलाले लागली का हसवते. तिनं पाण्याचा गुंड खाली ठेवला अन् हळूच मले म्हणते, "अवं खुशबू, थे तुमचं प्रश्नाचं. काहीही इचारलं त चालते का?"

"हव मावशी, काहीही."

"हसणार नाही न कोनी?"

"नाही व."

"मंग सांग. मोहफुल पहाटीच काहून पडते? दिवसभर झाडावर असते, हालत नाही. कोंबडा बांगते अन् हे टपटप टपटप. ऊन चढलं का परत बंद. सारी जिंदगी येचून राहिली मी. कोनालेच इचारलं नाही, म्हटलं येडी समजतीन."

मी तोंड उघडलं उत्तर द्याले. अन् काही आलंच नाही बाहेर! अवं, मी मोहाच्या घरची पोरगी. माझी माय येचते, माझी आजी येचत होती, लहानपणी मी पण त्याच झाडाखाली झोपली हाये. पण हे मले कधी डोक्यातच नाही आलं. खरंच काहून? आंबा त असा नाही करत. जांभूळ दिवसभर पडते. मोहालेच कोनती घाई हाये पहाटीची?

बस, मंग मले चैनच नाही. घरी बापाले इचारलं. बाप म्हणे, "पडते त पडते. तुले काय करा लागते?" मायले इचारलं त म्हणे, "तू सकाळी उठत नाहीस म्हणून पडते, तुले दिसू नये म्हणून." अश्विन म्हणे थंडीनं. मी म्हटलं थंडीनं त मंग पानं काहून नाही पडत? तो म्हणे, सांगतो, पाहून सांगतो. वाचनालयातलं कपाट पुरं उलटं-पालटं केलं. जगातला सर्वात उंच धबधबा कोनता ते भेटलं. कोनत्या देशाची राजधानी कोनती ते भेटलं. किल्ल्याखालच्या मोहाचं एक अक्षर नाही.

तृप्तीताई वैतागली. "खुशबू, सतरंज्या कोन मांगणार? माईक कोन पाहणार? तुझं मोहच सुरू हाये."

रविवार आला. आता पाहा, गंमत कशी असते. मी पहाटी उठली त माय घरात नाही. चुलीवर चहा झाकून ठेवला होता. अन् मले वाटलं, वा, बरंच झालं, आज कोनी काम नाही सांगणार! मी आंघोळ केली, नवा ड्रेस घातला, बाहेर निघाली. हवेत गोड वास येऊन राहिला होता. मले तो वास आला पण, अन् मले वाटलं, वा, आजचा दिवस किती छान हाये!

एवढी बावळट.

सात वाजले. सतरंज्या टाकल्या, अश्विननं लेकराईसाठी रंगीत तक्ता टांगला, तृप्तीताईनं पेपर घडी करून ठेवला. कोनीच नाही. साडेसात. एक बकरी आली अन् तक्त्याचा कोपरा खाऊन गेली. मी गल्लीत जाऊन पाह्यलं. घराले कड्या. या घराले कडी, त्या घराले कडी. कुत्रे पण नाही. तेव्हा माझ्या डोक्यात पडलं.

"ताई! मोह लागला!"

मोह पडाले लागला होता. दोन दिवसांपासून एकदम गरम झालं होतं न, त्यानं लवकरच लागला. अन् आमी? आमी बोर्ड बनवण्यात, सतरंज्या मांगण्यात. भैयाजीनं रविवार म्हटलं अन् आमी सगळ्याईनं कॅलेंडर पाहून हव म्हटलं, का बाप्पा सुट्टीचा दिवस हाये. अवं, रविवार शाळेले असते, मोहाले कुठं असते? मोहाच्या दिवसात सकाळी गावात माणूस बोलावणं म्हणजे धानाच्या रोवण्यात वरात काढणं. कोनी बाहेरचा असता त माफ. आमी इथलेच!

तृप्तीताईचं तोंड उतरलं. पण ते रडणारी नाही. म्हणे, "खुशबू, सायकल काढ. जा. जेवढे येतीन तेवढे आण. भैयाजी येतच असतीन."

मी अशी सायकल हाणली का चैन दोनदा उतरली. किल्ल्याखाली रान सुरू होते तिथं पोचली. अन् काय सांगू. सारं गाव तिथं. लेकरापासून बुढ्यापर्यंत, भैयाजीले पाहिजे होते तसेच्या तसे! ज्याच्या त्याच्या झाडाखाली, झाडून साफ केलेल्या जागेवर, टोपल्या घेऊन. पिवळे पिवळे फुलं पडून राहिले, लोक येचून राहिले, येचून झालं का बसून वाट पाहून राहिले. तान्ही लेकरं फांदीले बांधलेल्या झोळीत. तेजरामकाका एका झाडाले टेकून बिडी पीत बसले. आनंदराव आजोबा, ज्याईले घरातून अंगणात यायले दोन माणसं लागतात, थे पण तिथं. कोनं आणलं, कसं आणलं, देव जाणे.

मी सुमनमावशीकडे पळाली. "मावशी, चाला न. अर्धाच घंटा. भैयाजी येऊन राहिले, खोली जाईन आमची."

"अन् माझं झाड कोन पाहीन?"

"रिता पाहीन न."

"रिता पाहीन अन् बकऱ्या खातीन. अवं, मोहाच्या दिवसात सकाळी सातले कार्यक्रम कोनं ठेवला? परदेशातून आले का तुमी?"

साऱ्या रानात हसणं. बाजूच्या झाडाखालून आवाज आला, "माझीच हाये थे. मोह खाऊनच मोठी झाली." माझी माय! मी म्हटलं, माय, तू तरी चाल. त म्हणे, "आली असती व, पण आज झाड जोरात हाये. तुमी दुपारचं नाही ठेवलं?"

कोनीच उठाले तयार नाही. अन् त्याईचं चुकत पण नाही न. झाड कोनासाठी थांबन?

मंग मी मोठ्या दगडावर चढली. तिथंच नेटवर्क लागते. ताईले फोन लावला. "ताई, इथं सगळे हायेत पण कोनी येत नाही. तूच भैयाजीले इकडे घेऊन ये."

ती म्हणे, "आले हायेत. रिकाम्या सतरंजीवर बसून पेपर वाचून राहिले."

"मंग आण न!"

आता त्याईले याले वेळ लागणार. तोवर मी काय करू? लोकाईले धरून त ठेवा लागन. धरून काय, ते कुठं जाऊनच नाही राहिले होते. पण माझ्या पोटात त तो प्रश्न होताच. मी दगडावरूनच ओरडली, "सुमनमावशीनं वाचनालयाले एक प्रश्न देला. मोहफुल पहाटीच काहून पडते? कोनाले माहीत हाये त्यानं सांगा!"

मावशी लाजली. "अवं पोट्टी, माझं नाव कायले घेतलं!"

पण बाप्पा, काय झालं! एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली उत्तरं जाऊन राहिली. तेजरामकाका म्हणे, "दिवसभर झाड तापते, रातीले थंड होते, मंग देठ ढिला पडते." माझी माय म्हणे, "मंग ढगाच्या दिवशी झाड कुठं तापते? तवाबी पडतेच न." कोनी म्हणे वारा. कोनी म्हणे वारा दुपारी जास्त असते. आनंदराव आजोबा म्हणे, "जनावराच्या आधी माणसाले भेटावं म्हणून पडते." त्यावर जनाबाई, ते आनंदरावाच्या घरचीच, ते म्हणे, "मंग अस्वल तुमच्या आधी येऊन खाऊन जाते ते कसं जी?" आजोबा म्हणे, "अस्वल लवकर उठते. तुझ्यासारखं नाही." आता काय! कोनी हसून राहिलं, कोनी भांडून राहिलं, अन् हात सगळ्याईचे चालूच.

मंग रिता बोलली. आठ वर्षाची पोट्टी, येचत येचतच बोलली, वर पण नाही पाह्यलं. "झाड झोपते न. झोपलं का मूठ सुटते."

एकदम सगळ्याईचे हात थांबले. खरंच बापा. लेकरू हातात काही धरून झोपते, अन् पहाटी पाहा त मूठ उघडी अन् वस्तू खाली.

तेवढ्यात अश्विनची गाडी आली. मागं भैयाजी. पांढरा शर्ट, पायात चामड्याचे बूट, दोन्ही हातानं अश्विनचा खांदा धरलेला, रस्ता असा का दर गड्ड्याले त्याईचा चश्मा नाकावर उतरे. तृप्तीताई मागून पायी पळत आली. भैयाजी उतरले, चश्मा वर केला, चारीकडे पाह्यलं. बोलाले तोंड उघडलं अन् टप. एक फूल त्याईच्या खांद्यावर.

त्याईनं ते हातात घेतलं. वर पाह्यलं. "हे आत्ता पडलं?"

"मंग कधी पडन?" सुमनमावशी म्हणे. "भैयाजी, तुमी त एवढ्या सालापासून मोह घेऊन राहिले. तुमीच सांगा, हे पहाटीच काहून पडते?"

भैयाजी फूल पाहतच राहिले. म्हणे, "माझ्याकडे वाळलेलं येते व बाई. पोत्यात येते. पडताना मी आज पाहून राहिलो."

"काय सांगता जी!"

"खरं सांगतो. आमी तुमसरचे. झाडाखाली यायची गरजच कुठं पडली?"

मंग त्याईले काम आठवलं. तृप्तीताईकडे वळले. "लोक हायेत. मी नाही म्हणत नाही. पण खोलीत नाहीत. इथं त ते दरवर्षीच असतात, तुमचं वाचनालय असो का नसो. मंग खोलीचं काय काम?"

गोष्ट त बरोबर होती. मले वाटलं, ताई आता काहीतरी मोठं बोलन, वाचन संस्कृती वगैरे, भोंग्यावर बोलली होती तसं. ती धापा टाकून राहिली होती. म्हणे, "भैयाजी, खरं सांगू? हे कार्यक्रम आमी तुमच्यासाठीच ठेवले. तुमाले दाखवाले. खोली मले पाहिजे. मले अन् या पोरीईले. घरी बसता येत नाही जी आमाले. एवढंच हाये."

भैयाजी हातातलं फूल फिरवत राहिले. ताई, काहून बोलली व तू असं, मी मनात म्हणून राहिली.

सुमनमावशी टोपली कमरेवर घेऊन उठली. "अन् मले प्रश्नाचं उत्तर पाहिजे," म्हणे. "ते पण एवढंच हाये. भैयाजी, दुपारी मोह वाळाले टाकला का आमी रिकाम्याच असतो. तीन वाजता ठेवाले सांगा या पोट्ट्याईले. येतो का नाही पाहा."

भैयाजीनं घड्याळ पाह्यलं. मंग फूल पाह्यलं. "ठीक हाये. तीन वाजता."

अन् तीन वाजता काय झालं सांगू? मी दारातून आत जाऊ शकली नाही! वाचनालयाची जशी मंत्रीच मी, अन् मलेच जागा नाही. बाया, बुढे, लेकरं, लेकराईची लेकरं. हाताले सगळ्याईच्या मोहाचा चिकटा. आनंदराव आजोबाले टेबलावर बसवलं, तृप्तीताईच्या टेबलावर, ती कोपऱ्यात उभी. कार्यक्रम एकही नाही झाला. गोष्टी नाही, अर्ज नाही, पेपर नाही. सगळ्याईले एकच पाहिजे होतं.

अश्विन उभा राहिला. तो सकाळपासून जेवलाही नव्हता, मोबाईलमध्येच डोकं. म्हणे, "मोहाचं फूल रातीच उमलते. रातीच वाघुळं येतात त्याच्यावर, रस खातात. त्याईच्या तोंडाले लागून पराग इकडचा तिकडे जाते. झाडाचं काम झालं. मंग झाड पाकळ्याईचा तो गोड भाग सोडून देते. म्हणून पहाटी पडते."

सगळे म्हणे, अच्छा... तेजरामकाकानं त टाळी वाजवली. मले पण वाटलं, झालं, भेटलं उत्तर.

सुमनमावशी म्हणे, "मंग वाघूळ आलंच नाही, त फूल पडनच नाही?"

अश्विननं मोबाईल वर-खाली केला. "तसं... तसं नाही लिहिलं इथं."

"मंग कसं लिहिलं?"

"मावशी, लिहिलंच नाही न."

"मंग पाहू न आपण. वाघुळाले येऊच नाही देलं त?"

आता वाघुळाले कोन अडवन? कोनी म्हणे रातभर बत्ती लावा, कोनी म्हणे डबडे वाजवा. रिता म्हणे, "मच्छरदाणी." बस. जनाबाई उठलीच. "माझ्याकडे हाये. भोकं हायेत, पण मच्छरापुरते हायेत. वाघूळ नाही जाणार."

"अन् आमी रातीले काय करू?" आनंदराव आजोबा टेबलावरून.

"एक रात खाऊ द्या मच्छराईले. तुमचं रक्त पिऊन मरतीनच थे."

अन् सगळे हसून राहिले तर दारातून आवाज आला. "खालून पण बांधजा. नाही त पडलेलं फूल जमिनीवर जाईन, मंग समजन कसं?"

भैयाजी! दाराबाहेर उन्हात उभे. आत जागाच नव्हती न, किती वेळचे उभे होते कोनाले माहीत. सगळे वळून पाहाले लागले त बिचारे गडबडले. म्हणे, "कळ्यावाली फांदी घेजा. जी आज उमलणार हाये तीच. मी पहाटी येतो."

तृप्तीताईनं कोपऱ्यातूनच इचारलं, "अन् खोली, भैयाजी?"

त्याईनं थोडा इचार केला. "आधी हे त समजू दे. जोवर समजत नाही तोवर राहू द्या. समजलं का मंग माझे पोते आणतो."

आता सांगा! पहाटी मच्छरदाणीची जाळी रिकामी निघाली, तर वाघूळच खरं, उत्तर भेटलं, खोली गेली. अन् जाळीत फुलं पडले, तर उत्तर नाही, प्रश्न बाकी, खोली बाकी. फांदी बांधून खाली उतरला तर अश्विन म्हणे, "पाहजो, एकही फूल नाही पडणार." तृप्तीताईनं त्याच्याकडे असं पाह्यलं का तो दोन पावलं मागंच सरकला. "तुले काय फरक पडते बे," म्हणे, "तुझ्या घरी तुले वेगळी खोली हाये."

अन् मी? खरं सांगू का? मले खोलीची चिंता पाहिजे होती. पण मले त फक्त पाहाचं होतं. जे होईन ते. तुमी कधी असं जाणून घ्याले तरसले का? उपाशी असल्यासारखं?

पहाटी सगळे तिथं. अंधार होता, टॉर्च होत्या. भैयाजी मफलर गुंडाळून आले, त्याईच्या ड्रायव्हरले पण उठवून आणलं. बाजूच्या फांद्यावरून टपटप सुरू झालं होतं. टॉर्च मारली का वाघुळाईचे पंख दिसत, मोठमोठे, फडफड करत जात. जाळीवर पण एक येऊन लटकलं, थोडं हुंगलं, उडून गेलं. जाळीच्या आत काहीच आवाज नाही. आमी सगळे वर तोंड करून उभे. मान दुखाले लागली. तृप्तीताईनं माझा हात धरला होता, एवढा जोरात का बोटं सुन्न.

"नाही पडून राहिलं," अश्विन हळूच म्हणे. खुशीत होता पठ्ठा.

"थांब न बे," सुमनमावशी म्हणे. "झाडाले घाई कायची?"

उजेड फुटाले लागला. पक्षी बोलाले लागले. साऱ्या झाडाखाली पिवळी चादर, कोनी येचूनच नाही राहिलं. पहिल्यांदा आमच्या गावानं मोह तसाच पडून राहू देला. जाळी काळी, आत काय हाये दिसतच नव्हतं. भैयाजीच म्हणे, "उतरव रे बापा. माझा जीव जाऊन राहिला."

अश्विन चढला. वरची गाठ सोडली, खालची तशीच ठेवली, अन् मच्छरदाणी थैलीसारखी दोरीनं हळूहळू खाली सोडली. रितानं खाली झेलली. तिनं हात आत घातला.

मूठभर फुलं बाहेर आले.

परत घातला. परत मूठभर.

तृप्तीताईनं माझा हात सोडला अन् दोन्ही हातानं तोंड झाकलं. अश्विन झाडावरच, फांदीले धरून, "हे कसं काय? वाघूळ त आलंच नाही आत! हे कसं काय?" म्हणून राहिला. त्याले दुःख नव्हतं झालं हो, त्याचे डोळे पाहाले पाहिजे होते तुमी. सुमनमावशी कमरेवर हात ठेवून उभी. "म्हटलं नव्हतं मी?" तिनं तसं काहीच म्हटलं नव्हतं, पण ठीक हाये.

भैयाजीनं रिताच्या हातातून एक फूल घेतलं. वास घेतला. तोंडात टाकलं, चावलं, अन् चावता चावताच वर झाडाकडे पाहून म्हणे, "मंग पडते काहून?"

वरून टप, टप.

"आता असं करा लागन," अश्विन वरूनच सुरू, "एका फांदीले काळा कपडा बांधू, उजेडच नाही जाऊ द्याचा..." आनंदराव आजोबा म्हणे, "अन् एकीले पाणी मारा संध्याकाळी." माझी माय म्हणे, "अन् एकीले काहीच नका करू, नाही त समजन कसं कायनं काय झालं." पाहा माझी माय! मी तिच्याकडे पाहतच राहिली.

भैयाजीनं रुमाल काढला, जमिनीवर टाकला, अन् झाडाले टेकून बसले. बूट पण काढले. कोनाकडे न पाहता म्हणे, "पोते यंदा मी घरच्या वऱ्हांड्यात ठेवतो. घरचे बोंबलतीन. बोंबलू द्या."

तृप्तीताई काही बोलाले गेली, त्याईनं हातानंच थांबवलं. "तुमचं नाही. मले हे समजा लागते." मंग बाजूले पडलेले दोन फुलं उचलले अन् जवळ धरून पाहाले लागले. "सुमनबाई, हे आत्ता पडलेलं अन् हे अंधारात पडलेलं. याच्या गोडीत फरक असते का व?"

मावशीनं त्याईच्या पुढ्यात टोपली सरकवली.

"थे दुपारी तीनले इचारजा, वाचनालयात," म्हणे. "आता हात चालवा. बकऱ्या येऊन राहिल्या."